पाहुण्यांची यादी

परदेशातल्या भारतीय वकिलातींचा मोठा सण २६ जानेवारीला असतो. १५ ऑगस्टलाही झेंडा चढतो, राष्ट्रपतींचा संदेश वाचला जातो, मुले देशभक्तिपर गाणी म्हणतात आणि मग चहा-फराळ होतो. पण तो घरचा कार्यक्रम. यजमान देशाचे मंत्री, सेनाधिकारी, इतर देशांचे राजदूत यांना छापील निमंत्रणे जातात ती प्रजासत्ताक दिनाची. राजनैतिक व्यवहारात भारताचा ‘राष्ट्रीय दिन’ तोच. आपण कोणाच्या तावडीतून सुटलो यापेक्षा आपण स्वतःला कोणते संविधान दिले, हे भारत जगाला घरी बोलावून सांगतो, असे म्हणायला हरकत नाही.

त्या संध्याकाळचे राजदूताचे भाषण सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन्ही देशांच्या जुन्या मैत्रीचा उल्लेख, व्यापाराचे आकडे, दोन राष्ट्रगीते आणि मग समोशांभोवतीची गर्दी. खरे काम त्याआधीच उरकलेले असते. निमंत्रितांची यादी टेबलावर येते आणि राजदूताची पेन्सिल तिच्यावरून फिरते. मागच्या महिन्यात सुटलेला विरोधी पक्षनेता यादीत आहे का? ज्याचे वर्तमानपत्र बंद पाडले, त्या संपादकाला पत्रिका गेली का? गेली तर सरकारी पाहुणे येतील की ऐन वेळी ‘प्रकृती’ बिघडेल? परक्या देशातल्या लोकशाहीला पाठिंबा देण्याच्या गोष्टी व्यासपीठांवर कितीही होवोत, वकिलातीत त्या पाठिंब्याचा पहिला पुरावा फाटकावर मिळतो. कोण आत येऊ शकले, एवढे पाहावे.

मराठी मुलखातून परराष्ट्रसेवेत गेलेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या लोकशाहीसाठी काय केले, काय त्यांना करता आले नाही आणि काय करायचे त्यांनी टाळले, हा या पुस्तकाचा विषय. तो पुण्यातून मांडला जावा याला कारण आहे. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय नावाची चीज स्वतंत्र भारताच्या हाती येण्यापूर्वी या शहरात तिची एक बिनसरकारी शाखा चालत असे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला आणि १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला जाऊन तिथल्या भारतीयांची स्थिती पाहून आले. त्यांच्यानंतर समाजाची धुरा घेतलेले श्रीनिवास शास्त्री १९२३ मध्ये केनियातील भारतीयांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट झाले. समाजाचे ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे इंग्रजी साप्ताहिक पुण्यातून निघे आणि वसाहतींतल्या भारतीयांचे हाल त्यात सातत्याने मांडले जात.

हे सगळे थोर काम होते, आणि तरी त्याला एक कुंपण होते. मागणे आपल्या माणसांसाठी होते. नाताळमधल्या मजुराला आणि नैरोबीतल्या दुकानदाराला गोऱ्यांच्या बरोबरीने हक्क मिळावेत, हा आग्रह. ज्यांच्या भूमीवर हे गोरे आणि भारतीय दोघेही भांडत होते, त्या आफ्रिकन माणसाचे नाव अर्जात फारसे येत नसे. गंमत अशी की १९२३ च्या त्या वाटाघाटींचा शेवट ज्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेने झाला, तिनेच केनियात आफ्रिकनांचे हित सर्वोपरी असल्याचे जाहीर केले. ते भारतीयांची मागणी परतवायला, हे उघड होते. उंचावरच्या सुपीक जमिनी गोऱ्यांकडेच राहिल्या. पण शब्द कागदावर आला, आणि पंचवीस वर्षांनी तो शब्द खरा धरून वागणारा एक मराठी माणूस नैरोबीत उतरला.

तो माणूस म्हणजे अप्पासाहेब पंत. या पुस्तकाचा मोठा भाग त्यांनी व्यापला आहे आणि तसाच तो असायला हवा.

पुण्यात ‘औंध’ म्हटले की लोकांना परिहार चौक आणि तिथली वाहतूक आठवते. हे औंध ते नव्हे. अप्पासाहेबांचे औंध सातारा जिल्ह्यातले, यमाईच्या डोंगराखालचे. पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी. संस्थान छोटे, अवघ्या ७२ गावांचे, वस्ती पाऊण लाखाच्या घरात, आणि तेही सलग नाही. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल आणखी कुठे, आणि एक तुकडा पार विजापूरच्या बाजूला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून आणि चित्रकार म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरानाची जमीन त्यांनीच दिली. पुण्याने त्यांचे आणखी एक ऋण विसरू नये: भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिची सुरुवात १९१८ मध्ये भवानरावांच्या सूचनेतून आणि त्यांनी कबूल केलेल्या एक लाख रुपयांतून झाली.

अप्पासाहेब हे त्यांचे चिरंजीव, जन्म १९१२ चा. ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन ते परतले तेव्हा संस्थानांत प्रजा परिषदांची चळवळ जोर धरत होती. इतर राजे लाठी शोधत होते. औंधात उलटे घडले. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू अभियंता तेव्हा गांधीविचाराने भारावून भारतानंद झाला होता. तो, अप्पासाहेब आणि भवानराव यांनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला आणि राजाने आपला अधिकार प्रजेला देऊन टाकायचे ठरवले. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची राज्यघटना जाहीर झाली. स्वतंत्र भारताच्या घटनेच्या अकरा वर्षे आधी.

तिची रचना खालून वर जाणारी होती. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती, तिच्यातून संस्थानचे विधिमंडळ. महसुलाचा मोठा वाटा गावाकडेच राहायचा. न्यायही होता होईल तो गावातच व्हायचा, जिथे साक्षीदाराला खोटे बोलायला शेजाऱ्यांची लाज वाटते. वरच्या पायऱ्यांवरची निवडणूक अप्रत्यक्ष होती आणि दरबारी वजन एका दिवसात जात नाही, हे मान्य करूनही हा प्रयोग कागदी नव्हता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत झाली, तिथे कैद्यांना भिंतींशिवाय ठेवले गेले. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. स्वतंत्रपूरवरून सुचलेल्या त्यांच्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९४२ नंतर प्रतिसरकारच्या भूमिगतांना कुंडलसारख्या औंधच्या हद्दीतल्या गावांचा आडोसा मिळाला तो निव्वळ भूगोलामुळे नव्हे.

८ मार्च १९४८ ला दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. औंधचा प्रयोग संपला. त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून पाठवले. राज्य सोडून दिलेल्या घरातला मुलगा ज्यांना कधी राज्यच मिळाले नाही त्यांच्यात जाऊन राहिला. माझ्या मते या पुस्तकातले सगळे त्यानंतर येते.

त्या वेळच्या केनियात गोरे जेमतेम तीस हजार, भारतीय लाखाच्या आसपास आणि आफ्रिकन पन्नास लाखांवर. वसाहतीच्या कायदेमंडळात १९४४ पर्यंत एकही आफ्रिकन सभासद नव्हता. हॉटेले, वस्त्या, शाळा, इस्पितळे सगळी रंगावर वाटलेली. आणि भारतीय त्या वाटणीत मधल्या पायरीवर. वरच्याला नावे ठेवायची आणि खालच्याला पायरीवर येऊ द्यायचे नाही, अशी ती सोयीस्कर जागा. नेहरूंचे धोरण स्पष्ट होते: तुम्ही या देशात पाहुणे आहात, आफ्रिकनांचे हित आधी. हे दुकानदारांच्या सभेत सांगणे सोपे नसावे. ज्यांच्या रक्षणासाठी आयुक्त आला असे त्यांना वाटत होते, त्यांनाच तो ‘जरा सरका’ म्हणत होता. गोखले-शास्त्रींच्या परंपरेतले कुंपण इथे ओलांडले गेले.

अप्पासाहेबांचे घर हे त्यांचे पहिले साधन. रंगभेदाच्या त्या गावात आफ्रिकन, भारतीय आणि युरोपीय एका टेबलाशी बसत ते भारताच्या आयुक्ताकडे. जोमो केन्याटा, कोइनांगे घराणे यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिकन तरुण भारतात शिकायला येऊ लागले. गांधीजींच्या स्मारकासाठी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांनी जो निधी जमवला, तो केवळ भारतीयांच्या संस्थेवर खर्च न होता सर्व वंशांच्या उच्च शिक्षणासाठी लागला. त्यातून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाचे पुढे नैरोबी विद्यापीठ झाले. आणि हो, अप्पासाहेब जिथे गेले तिथे त्यांनी सूर्यनमस्कारही शिकवले. वडिलांचा वारसा.

मग ऑक्टोबर १९५२ आला. माऊ माऊ बंडाच्या नावाखाली केनियात आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांना अटक झाली आणि कापेंगुरिया या दूरच्या गावी खटला उभा राहिला. बचावाचे नेतृत्व ब्रिटिश बॅरिस्टर डी. एन. प्रिट यांनी केले. नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवले, आणि वकिलांच्या त्या तुकडीत फिट्झ डिसूझा हा गोव्याच्या वंशाचा तरुणही होता. आणखी एक गोवेकर, पियो गामा पिंटो. १९२७ ला नैरोबीत जन्मलेला, भारतात शिकलेला, पोर्तुगीजांविरुद्धच्या चळवळीत उतरलेला आणि १९४९ ला केनियात परतलेला. १९५४ ते ५९ अशी वर्षे त्याने ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत काढली. या दोघांवरचे लेख आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. गोव्याचे हे नाते मराठीत यायला हवे होते, ते का आले नाही याचे मला नवल वाटते.

ब्रिटिशांच्या लेखी भारताचा आयुक्त बंडखोरांना फूस देत होता. लंडनहून दिल्लीवर दडपण येत राहिले आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्यांच्यावरचा आरोप अंतर्गत कारभारात ढवळाढवळ केल्याचा. नेमक्या त्याच वर्षी, २९ एप्रिलला, भारताने चीनबरोबर तिबेटविषयक करार केला आणि त्यात पंचशील मांडले; एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे हे त्यातले एक शील. पुढे १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ४१ व्या कलमाने हेच बंधन जगातल्या प्रत्येक राजदूतावर घातले. अप्पासाहेबांची नैरोबी या कलमात बसत नाही. बसावी असे मला वाटतही नाही. ज्या देशातल्या बहुसंख्यांना मतच नाही, तिथे ‘अंतर्गत कारभार’ नक्की कोणाचा?

पण एवढ्यावर थांबून अप्पासाहेबांची आरती करायची असेल तर हे पुस्तक वाचायची गरज नाही. १९५५ मध्ये ते गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर झाले. हुद्दा ब्रिटिशांच्या काळातला, नावासकट तसाच ठेवलेला. सिक्कीम १९५० च्या तहाने भारताचे संरक्षित राज्य बनले होते आणि तिथे गादीवर राजा होता. १९४९ मध्ये सिक्कीममध्ये लोकांच्या रेट्याने एक मंत्रिमंडळ आले होते, ते महिनाभरही टिकले नाही. बरखास्त केले ते भारताच्या पोलिटिकल ऑफिसरने. हे अप्पासाहेबांच्या आधीचे, पण खुर्ची तीच. ल्हासा, ग्यांत्से आणि यातुंगच्या भारतीय कचेऱ्याही त्यांच्याच देखरेखीखाली. तिबेटी लोकांविषयीचा त्यांचा ओढा लपला नाही, पण नैरोबीत जे करता आले ते गंगटोकहून करता आले नाही. माणूस तोच होता. नैरोबीत भारताचे हित आणि तिथल्या जनतेचा आवाज एका दिशेने जात होते. हिमालयात दिल्लीला आधी सीमा दिसत होती. राजदूताची सदसद्विवेकबुद्धी त्याच्या सामानात असते, पण तिकीट सरकार काढते.

१९६९ ते १९७२ ते लंडनमध्ये उच्चायुक्त होते. म्हणजे पाकिस्तानच्या १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला मिळालेले बहुमत रणगाड्यांखाली चिरडले गेले तेव्हा, आणि ८ जानेवारी १९७२ ला सुटका झालेले शेख मुजीब प्रथम लंडनला उतरले तेव्हाही. त्यांना भेटायला गेलेल्यांत अप्पासाहेब होते. परक्या देशातल्या मतपेटीचा कौल मानला जावा म्हणून भारताने लढलेले एकमेव युद्ध म्हणजे १९७१ चे, असे म्हणता येते. त्यात निर्वासितांचा लोंढा होता, भू-राजकारण होते, हेही तितकेच खरे.

आणि मग आणीबाणीत आपलीच पाळी आली. ८ जानेवारी १९७६ ला राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १९ खालच्या स्वातंत्र्यांसाठी न्यायालयात जाण्याचा नागरिकांचा हक्क स्थगित झाला. अठरा दिवसांनी जगभरच्या भारतीय वकिलातींत प्रजासत्ताक दिनाचे समारंभ झाले. झेंडे चढले, संदेश वाचले गेले, दोन-दोन राष्ट्रगीते झाली. परदेशी पत्रकारांचे प्रश्न परतवायचे काम ज्या राजदूतांच्या वाट्याला आले, त्यांनी त्याविषयी फारसे लिहिलेले नाही. आपल्या मुत्सद्द्यांची आत्मचरित्रे मी आवडीने वाचतो. हा मजकूर शोधताना मात्र बहुधा पाने पटकन उलटतात. दुसऱ्यांना लोकशाही सांगणाऱ्यांनी हे एक प्रकरण तरी मन लावून लिहायला हवे होते.

या पुस्तकात अलीकडचेही बरेच आहे, त्यावर इथे थोडेच लिहितो. १९८९ च्या उन्हाळ्यात विजय गोखले बीजिंगच्या भारतीय वकिलातीत तरुण अधिकारी होते. त्यांनी तिआनानमेन चौकातले जे पाहिले त्यावर २०२१ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त झाल्यानंतर. बत्तीस वर्षांचे हे अंतर टीकेसाठी सांगत नाही, सेवेत असलेल्या माणसाच्या मौनाची लांबी कळावी म्हणून सांगतो. राजीव गांधींच्या चीन दौऱ्याला तेव्हा सहा महिनेच झाले होते आणि भारत सरकार जपून बोलत होते.

पुण्यात हल्ली निवृत्त राजदूतांची व्याख्याने बरीच होतात. चीन, भूतान, पाकिस्तान या तिन्ही ठिकाणी राजदूत-उच्चायुक्त राहिलेले गौतम बंबावाले इथलेच. अशा व्याख्यानाच्या शेवटी तिसऱ्या-चौथ्या रांगेतले कोणी तरी आजोबा उठतात आणि विचारतात, “साहेब, म्यानमारवर आपण गप्प का?” (प्रश्न विचारण्याआधी पाच मिनिटांचे स्वतःचे मत सांगतात, ते सोडून द्या.) प्रश्न चुकीचा नसतो. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली. २७ मार्चला, त्यांच्या सेनादिनी, नेपिडोमधल्या संचलनाला ज्या आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते त्यांत भारत होता. त्याच दिवशी देशभर शंभराहून अधिक निदर्शक मारले गेले. उत्तर म्हणून सीमा, ईशान्येतले बंडखोर आणि चीन यांची नावे सांगितली जातात. तीही खोटी नाहीत.

भारताने करायचे ते बरेचसे गाजावाजा न करता केले. सुदानच्या १९५३ च्या निवडणुकीसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. भूतानने २००८ मध्ये पहिली संसद निवडली ती भारतीय मतदान यंत्रांवर. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी २००५ मध्ये सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या देणगीदारांत भारत होता. यादी, शाई, यंत्रे, प्रशिक्षण: आपला हात कारकुनी कामात बसला आहे, आणि ती स्तुतीच आहे.

शेवटचे प्रकरण मालदीवचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे माले येथे उच्चायुक्त होते. मोहम्मद नशीद हे तिथले बहुपक्षीय निवडणुकीत निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष. ७ फेब्रुवारी २०१२ ला त्यांनी राजीनामा दिला आणि तो आपल्याकडून जबरदस्तीने घेतल्याचे सांगितले. दिल्लीने मात्र नव्या अध्यक्षांचे लगोलग अभिनंदन केले. वर्षभराने, १३ फेब्रुवारी २०१३ रोजी, अटक वॉरंट निघालेले नशीद भारतीय उच्चायुक्तालयात आश्रयाला आले. बाहेर पोलीस, आत माजी राष्ट्राध्यक्ष; दहा दिवसांनी ते बाहेर पडले. छोट्या बेटावरच्या त्या इमारतीत तेव्हा काय पणाला लागले होते, ते त्या प्रकरणातच वाचावे.

पुढचे त्यात नाही, ते इथे नोंदवतो. नशीद यांचा पक्ष २०१८ मध्ये पुन्हा सत्तेवर आला. २०२३ मध्ये ‘इंडिया आउट’ची घोषणा देणाऱ्या आघाडीचे मोहम्मद मुइज्जू निवडून आले. ज्या मतदाराच्या हक्काची काळजी आपण वाहिली, त्याने आपल्या विरोधात मत दिले. भारताच्या पंतप्रधानांनी त्यांचे अभिनंदन केले. मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परत आले, त्यांच्या जागी तांत्रिक कर्मचारी गेले आणि आपण दिलेली हेलिकॉप्टरे रुग्णांना बेटांवरून उचलत राहिली. २०२५ च्या जुलैत मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला मुइज्जूंनी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले ते नरेंद्र मोदींना.